कानावर आणि कानाखाली

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या मैदानावर पोरांकडून संचलनाची धून घोटून घेत होतो. "दिलीप, तुझे मामा गेले रे," एवढंच मामी म्हणाली; मागं हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येत होता. नगरहून गेवराईला पोहोचेपर्यंत मला रडू आलं नाही. तिसऱ्या दिवशी सावडायला निघालो तर चौकात मामाचा फ्लेक्स लागलेला. फेटा बांधलेला फोटो, 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली ठळक अक्षरांत 'शांत, संयमी व मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व'. माझ्या शेजारी शंकर उभा होता. मामाच्या बँडमध्ये तो माझ्याबरोबर ट्रम्पेट वाजवायचा, आता बँड तोच चालवतो. त्यानं फ्लेक्स वाचला, गालात जीभ फिरवून पडलेल्या दाढेची जागा चाचपली आणि म्हणाला, "मनमिळाऊ..." ती दाढ मामानंच पाडलेली. अशा दिवशी हसू नये, पण आम्ही दोघंही हसलो.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ठीक आहे. पण मग खोटं तरी किती बोलायचं? माझा मामा शांत नव्हता, संयमी तर त्याहून नव्हता, आणि मिळून मिसळून असायचा तो त्याचा हात, लोकांच्या गालांशी. तो आईचा धाकटा भाऊ. बाप लवकर गेल्यामुळे मी त्याच्याच घरी वाढलो आणि मिसरूड फुटायच्या आत त्याच्या बँडमध्ये उभा राहिलो. सगळा तालुका त्याला भानुदास मास्तर म्हणायचा. त्याच्यासारखी क्लॅरनेट वाजवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही, हेही इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको.

मामाला सा रे ग म म्हणता यायचं नाही. नोटेशन तर त्यानं पाहिलंही नव्हतं. नवं गाणं एकदा कानावर पडलं की ते त्याच्या बोटांत उतरायचं. आम्हाला शिकवायची त्याची रीत म्हणजे 'कान भरणं'. बाकीच्या जगात कान भरणं म्हणजे चहाडी. आमच्या बँडमध्ये मात्र मास्तर कानाची पाळी धरून, तोंड कानाशी आणून, आख्खी चाल आत गुणगुणायचा. दोनदा. तिसऱ्यांदा विचारलं तर त्याचं ठरलेलं वाक्य यायचं, "कानावर वाजव. न्हाई तर कानाखाली वाजंल." आणि वाजायचीच. ताशेवाला, ढोलवाला, खुळखुळेवाला, पाहुणा, कुणालाही सूट नव्हती.

सूट होती ती एकट्या मला, आणि तीही प्रेमापोटी नाही. भाच्याला मारलं की म्हातारपणी मामाचे हात थरथर कापतात, असं आपल्याकडे म्हणतात. बाकीचे मामा हे ऐकून सोडून देतात. माझ्या मामाची पोटाची खळगी आणि तालुक्यातली इज्जत दोन्ही त्याच्या बोटांवर होती, त्यामुळे त्याचा या गोष्टीवर देवापेक्षा जास्त विश्वास होता. मग माझी चूक झाली की हात उठायचा, माझ्यापर्यंत यायचा आणि ऐनवेळी वळून शेजारच्या शंकरच्या कानफटात बसायचा. शंकरनं बिचाऱ्यानं माझ्या वाटचं इतकं खाल्लंय की त्याची दाढ खरं म्हणजे माझ्या नावावर पडलेली आहे.

एकदा आष्टीकडच्या लग्नात भर दुपारी नवरदेव मारुतीला निघाला होता. पुढं नाचणारी पोरं पिऊन तर्र. त्यांना एक नवं गाणं हवं होतं, जे आमच्यापैकी कुणीच ऐकलेलं नव्हतं. मामानं त्यांच्यातल्या एकाचा मोबाइल हिसकावून कानाला लावला, एक कडवं ऐकलं, मोबाइल परत फेकला आणि क्लॅरनेट तोंडाला लावली. पहिली ओळ तो एकटा वाजवणार, दुसरीपासून आम्ही त्याच्या मागून आत शिरणार, ही आमची नेहमीची पद्धत. पण तेवढ्यात एका पोरानं ढोलवाल्या म्हाताऱ्याच्या कमरेत लाथ घातली. "झोपला का बे?" मामानं क्लॅरनेट डाव्या हातात घेतली आणि उजव्या हातानं त्या पोराला असा ठोकला की नाकातलं रक्त पार सदऱ्यावर. मग काय, काठ्या निघाल्या, चपला निघाल्या, नवरदेव घोड्यावरून उतरून बाशिंगासकट मधे पडला. मुलीचा बाप हात जोडून सगळ्यांच्या मधे उभा राहिला, "वाजवा ओ मास्तर, मुहूर्त टळतोय." मामानं ओठावरचं रक्त पुसलं आणि पुन्हा सुरू केलं. मी अजून त्या काठ्यांकडंच बघत होतो. मी एक ओळ आधीच आत शिरलो, तेही भलत्याच सुरात. मामाचा हात अजून गरम होता. तो उठला आणि या वेळी वळला नाही.

डाव्या कानाखाली बसली. मी ट्रम्पेटसकट रस्त्यावर पडलो, ओठ फाटला, कानात एक बारीक शिट्टी सुरू झाली. ती पुढं कितीतरी महिने चालली. डोळे उघडले तर मामा स्वतःच्या तळहाताकडं बघत उभा होता. त्यानं क्लॅरनेट शंकरकडं दिली आणि भर रस्त्यात, त्या वरातीसमोर, माझ्या बुटांवर डोकं ठेवलं. "चुकलं रं बाबा, लई चुकलं." बायका हळहळल्या. मारामारी करणाऱ्या पोरांनीही काठ्या खाली केल्या. मला मात्र तिथंच, धुळीत पडल्या पडल्या कळलं की तो माझ्या पाया पडत नव्हता, त्याच्या हातांसाठी पडत होता. लगेच उठून म्हणालाच की, "ऊठ. वाजव."

मामीनं कानात लसणाचं कोमट तेल ओतलं, शेजारणीनं आणखी काही ओतलं. कान वाहायला लागला. बीडला डॉक्टरांनी बॅटरी लावून बघितलं आणि म्हणाले, पडदा फाटलाय, आतही सडलंय, फार उशीर केलात. डावा कान गेला तो गेलाच. घरात बसून एका कानानं सगळं ऐकू यायचं, पण वरातीत ढोल, ताशे, गाड्यांचे हॉर्न आणि फटाके यांचा एकच ढीग व्हायचा आणि त्या ढिगाखालची मामाची क्लॅरनेट मला काही केल्या उपसून काढता यायची नाही. कानावर वाजवणाऱ्याचा सगळा धंदा त्या उपसण्यावर असतो. मी रोज चुकायला लागलो आणि रोज शंकरला पडायला लागली. शेवटी माझ्या शेजारी उभं राहायला बँडमध्ये कुणी तयार होईना.

आईनं मला नगरला चुलत्याकडं धाडलं. तिथं एक निवृत्त फौजी भेटले, सैन्याच्या बँडमध्ये आयुष्य काढलेले. त्यांनी मला कागद दाखवला. पाच रेघा, त्यांवर बसलेले काळे ठिपके. सूर डोळ्यांनी वाचता येतो, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. गप्प कधी बसायचं याचीही त्यात खूण असते; आमच्या बँडमध्ये गप्प बसायला कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. फौजींनी कधी हात उगारला नाही. चुकलो तर म्हणायचे, "मला नको विचारू, कागदाला विचार." मी वर्षभर भुकेल्यासारखा कागद वाचला. पेपरच्या रविवारच्या पुरवणीत अधूनमधून कुणीतरी लिहितं की कानावर वाजवणारा तो खरा कलावंत आणि कागदावरून वाजवणारा नुसता टंकलेखक. लिहू देत बापडे. त्यांचे दोन्ही कान शाबूत आहेत.

पुढच्या लग्नसराईला मी गेवराईला परतलो. मामाच्याच चाली मी आठवून आठवून कागदावर उतरवल्या होत्या. तालमीच्या पत्र्याच्या शेडमध्ये ट्रम्पेटला चिमट्यानं कागद लावला आणि त्याची सगळ्यात गाजलेली चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवली, एक सूर न चुकता. माणसांनी चहाचे कप खाली ठेवले. शंकर तर सुटल्यासारखा हसला. मामा जवळ आला, कागदाकडं बघत राहिला.

"ह्ये माझं हाय?"

"तुझंच हाय मामा. सगळं लिवून काढलंय. आता चुकायचा न्हाई मी."

"मी गेल्या साली असं वाजवत व्हतो," तो म्हणाला. "आता असं वाजवत न्हाई. तू मेलेलं वाजवायलास बे."

त्यानं कागद ओढला, चुरगाळला, एका हातानं माझा जबडा दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं तो बोळा माझ्या तोंडात कोंबला. "गीळ. पोटात गेलं की कानात यील." बोळा घशापर्यंत गेला, मला श्वास घेता येईना, शंकर आणि ढोलवाल्यानं ओढून सोडवलं. जबडा धरणं म्हणजे मारणं नव्हे, असा त्याचा हिशेब असावा; तेवढं भान त्यानं त्या रागातही ठेवलं होतं. मी शाई थुंकलो आणि तिथून निघालो तो थेट नगरला. पुढं एका शाळेत बँडमास्तर झालो. मामाच्या त्या बोलण्यात अर्थ होता, हे मला आज कळतं. त्याची कुठलीच चाल दोन वरातींत सारखी वाजली नाही. पण अर्थ होता म्हणून घशातला कागद गोड लागत नाही.

मधली वर्षं सणावाराला जाणं, मामीच्या हातचं जेवणं आणि मामानं मान फिरवून बसणं, अशी गेली. मग गेल्या वर्षी मामीचा फोन आला. मामाचे हात कापायला लागले होते. आधी कपातला चहा सांडायचा, मग सदऱ्याची बटणं लागेनात, मग क्लॅरनेटची भोकं झाकली जाईनात. डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूच्या नसांचा आजार आहे, बरा होत नाही, गोळ्यांनी थोडा ताब्यात राहतो. मामानं गोळ्यांची बाटली मामीच्या अंगावर भिरकावली. तिच्या भुवईला टाके पडले. मी गेलो तेव्हा तो खाटेवर बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

"आलास व्हय," तो म्हणाला. "बस. आता हाण मला."

मला वाटलं, ह्याचं डोकं फिरलं.

"तुला मारलं त्याचं हाय हे. आष्टीचं. मी पाया पडलो पर ते फिटलं न्हाई. तू माझ्या कानाखाली वाजव, म्हंजे फिटंल. लई दिस झाले, बोटं उपाशी हायत माझी."

मामी दारात पदर तोंडाला लावून उभी. भुवईवर पट्टी. "मार रे बाबा," ती म्हणाली, "एकदाचं सुटू दे ह्यांना."

किती वर्षं मी मनातल्या मनात त्या माणसाला मारत आलो होतो. अंघोळ करताना, एसटीत, पोरांना शिकवताना. आणि आता तो तीच गोष्ट वरातीतल्या पोरांसारखी फर्माइश करून मागत होता! माझा राग नव्यानं पेटला. मी उठलो आणि त्याच्या डाव्या कानाखाली दिली, होती नव्हती तेवढी ताकद लावून. तो खाटेवरून खाली गेला, डोकं भिंतीवर आपटलं. मामी किंचाळली. माझा तळहात बधिर झाला. मला वाईट वाटलं नाही, हे मी इथं लिहून ठेवतो.

मामा उठून बसला. हात समोर धरून बघत राहिला, आम्हीही बघत राहिलो... हात कापतच होते.

"डाव्याच कानाखाली मारलीस न्हवं?"

"हां."

"मी बी डाव्याच मारली व्हती. मग थांबत कावून न्हाईत?"

"कारण हा आजार हाय, मामा. डॉक्टर खरं सांगतेत. कुणालाबी होतो. मला मारलं म्हणून तुला काय झालेलं न्हाई. कायबी झालेलं न्हाई."

त्यानं हात पुन्हा मांड्यांखाली घातले. गाल लाल, त्यावर माझी बोटं उमटलेली. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. रागाशिवाय त्यानं माझ्याकडं बघितलेलं मला ते पहिल्यांदाच आठवतं.

"म्हंजे मी तुला मारलेलं," तो म्हणाला, "ते तसंच ऱ्हायलं?"

"तसंच ऱ्हायलं," मी म्हणालो.

मग मामा रडला. तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखा. मी त्याला जवळ घेतलं नाही, पण उठूनही गेलो नाही. संध्याकाळी त्यानं मामीच्या हातून निमूट गोळी घेतली. पुन्हा कधी मला मार म्हणाला नाही आणि कुणावर हात उगारल्याचंही मी ऐकलं नाही. पुढच्या दिवाळीच्या आत तो गेला.

दहाव्याला मामीनं त्याची क्लॅरनेट माझ्याकडं दिली. शंकर म्हणाला, बँडमध्ये आता ती पेलणारं कुणी नाही, तूच ने. घरी आणून उजेडात धरली तेव्हा दिसलं, प्रत्येक भोकाभोवतीचं काळं लाकूड नखांनी ओरबाडलेलं आहे. एकावर एक, आडवेतिडवे ओरखडे, काही इतके खोल की आतलं कोरं लाकूड दिसतं. आजारपणात तो रोज दुपारी दार लावून बसायचा आणि आतून काहीच आवाज यायचा नाही, असं मामी सांगत होती. चाव्यांखालची झिजलेली पॅड बदलायला मी ती नगरला वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडं नेली. त्यानं अंगठा फिरवून बघितला आणि म्हणाला, पॉलिश मारून देतो सर, ओरखडे जातील, नव्यासारखी होईल.

मी म्हटलं, पॅड तेवढी बदला. ते तसंच राहू द्या.