होईलराव ‘नको’ म्हणायला लागले तेव्हा

होईलराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते ठेवलं गिऱ्हाइकांनी. माणूस धंद्याने न्हावी. दुकान किनाऱ्याच्या रस्त्यावर, दोन खुर्च्या, समोर आरसे, केस धुवायचं एक बेसिन आणि एक भलीमोठी खिडकी. त्या खिडकीतून समुद्र असा काही दिसायचा की गिऱ्हाईक मान खाली घालायला तयार नसे. "मान खाली, अहो मान खाली," म्हणता म्हणता होईलरावांचं निम्मं आयुष्य गेलं.

आणि गिऱ्हाइकं तरी कोण? बहुतेक सगळी सर्फिंगची वेडी. पहाटे बोर्ड काखोटीला मारायचा, पाण्यात उतरायचं, लाटेवर उभं राहायचं, धडपडायचं, आणि मग शहाण्यासारखं आपापल्या कामावर जायचं. या मंडळींना रोज संध्याकाळी एकच प्रश्न छळायचा: उद्या लाटा कशा? होईलराव कात्री थांबवायचे, खिडकीबाहेर बघायचे, फोनवरचे आकडे चाळायचे आणि ठणकावून सांगायचे, "होईल! उद्या मस्त होईल!"

आता गंमत अशी की हा गृहस्थ गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार. पण अंदाज बरेचदा खरा ठरायचा. नाही ठरला तर मंडळी दुकानात येऊन त्यांची बिनपाण्याने हजामत करायची, आणि न्हाव्याचीच हजामत झाली म्हणून सगळ्यांत मोठ्याने होईलरावच हसायचे.

त्यांना हे वेड लागलं बायकोपायी. बाई तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायच्या आणि लाटांवर त्यांचा जीव होता. लग्नानंतर होईलराव रोज सकाळी किनाऱ्यावर टॉवेल घेऊन उभे राहायचे. नुसतं उभं राहून माणूस करणार काय? बघायला लागले. मतलई वारा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, असला की लाटा कशा नीट विंचरल्यासारख्या येतात. खारा वारा, म्हणजे समुद्रावरून येणारा, सुटला की सगळ्याचा कसा गुंता होतो. ओहोटीला काय, भरतीला काय. तिथला तळ खडकाचा नव्हता, वाळूचा होता, आणि वाळू म्हणजे भाडेकरू, आज इथे तर उद्या तिथे. वाळूचा उंचवटा तिरका असला तर लाट एका कडेने सुरू होऊन हळूहळू फुटत जाते, आणि माणसाला तिच्यावरून जायला वाट मिळते. तळ सपाट झाला की तीच लाट अख्खीच्या अख्खी एकदम खाली येते. हे सगळं ते शिकले बायकोसाठी. गिऱ्हाइकांचा फायदा आपला वरचा.

आणि चुकले तेही बायकोच्याच बाबतीत.

वादळ येऊन गेलं होतं. वादळाने वाळू सपाट केली होती. संध्याकाळी होईलरावांनी फोन बघितला. खोल समुद्रात तरंगत लाटा मोजणाऱ्या बोयाचा आकडा सांगत होता की लाट कमरेएवढी. झालं, म्हणाले, "होईल!" पण त्या आकड्याच्या शेजारी दुसरा आकडा होता, दोन लाटांमधल्या वेळाचा. रोज आठ-नऊ सेकंद असायचा, त्या दिवशी सोळा होता. इतक्या अंतराने येणारी लाट दुरून आलेली असते, दिसायला लहान आणि अंगात भारी. तळ सपाट, लाट भारी. हे दोन्ही एकत्र करून बघायला हवं होतं. होईलरावांनी नाही बघितलं. घाईत होते, की आनंदात होते, देव जाणे.

सकाळी लाटेने बाईंना उचललं आणि उथळ वाळूवर आपटलं. उजव्या खांद्याचं हाड मोडलं, वर पाण्याखाली घुसमट. दुकानातलंच एक गिऱ्हाईक असलेला बेकरीवाला तेव्हा किनाऱ्यावर होता, त्याने त्यांना ओढून बाहेर आणलं. होईलराव टॉवेल हातात धरून तसेच उभे.

बाई वाचल्या. खांद्यात धातूची पट्टी आली, हात गळ्यात आला. होईलरावांनी दवाखान्यात कुणाकुणाचे आभार मानले नसतील! डॉक्टरांचे मानले, परिचारिकेचे मानले, जेवणाचा ट्रे आणणाऱ्याचे मानले, लिफ्टवाल्याचेसुद्धा मानले. बेकरीवाल्याला तर आयुष्यभर दाढी-कटिंग फुकट म्हणून जाहीर केलं. लोक हसले. पण माणूस मनापासून बोलत होता. बायको घरी आली, एवढंच त्याला कळत होतं.

घरी आल्यावर एक अडचण निघाली. बाईंचे केस कमरेपर्यंत, आणि एका हाताने ते धुता येईनात. होईलरावांनी उभ्या गावाची डोकी धुतली होती, बायकोचं कधी धुतलं नव्हतं. संसाराच्या इतक्या वर्षांत ते सुचलंच नाही बघा. मग दुकान बंद करायच्या वेळी बाई यायच्या, खुर्चीत मागे रेलायच्या, आणि होईलराव कोमट पाणी आधी स्वतःच्या मनगटावर बघून मगच त्यांच्या डोक्यावर सोडायचे. बाई डोळे मिटून घ्यायच्या. दोघं फारसं बोलायचे नाहीत. पण दिवसभरातली ती वेळ दोघांनाही हवीहवीशी वाटायची.

अखेर डॉक्टर म्हणाले, "खांदा जुळलाय. छोट्या, मऊ लाटा असतील तर उतरायला हरकत नाही."

त्या संध्याकाळी बाईंनी विचारलं, "अहो, उद्या कसं?"

होईलरावांनी खिडकीकडे बघितलंसुद्धा नाही. "नको," ते म्हणाले. "वारा वाईट आहे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "उद्या?"

"नको गं. भरतीची वेळ बरोबर नाही."

तिसऱ्या दिवशी वाळू बिघडली. चौथ्या दिवशी ढग बिघडले. ढगांचा आणि लाटांचा काय संबंध, विचारू नका. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. होईलराव तर पाणीसुद्धा फुंकायला लागले होते. आणि बायकोला एक आणि गिऱ्हाइकांना दुसरं असं सांगता येईना, कारण बातमी फिरून घरी यायचीच. म्हणून सगळ्यांनाच ‘नको’. खुर्चीत बसलेला माणूस विचारायचा, "होईलराव, उद्या?" की हे तोंड पाडून "नको." समुद्र बिचारा रोज गोडीत वागत होता आणि न्हाव्याच्या दुकानात त्याची बदनामी चालली होती.

तुम्ही म्हणाल, बाईंना डोळे नव्हते का? हातच्या काकणाला आरसा कशाला? रोज तलावावर जाताना समुद्र दिसायचाच की. पण त्या ‘बरं’ म्हणायच्या आणि गप्प बसायच्या.

मग एका संध्याकाळी स्फोट झाला. बाई बेसिनवर मागे रेललेल्या, डोक्याला फेस, डोळ्यांत जाऊ नये म्हणून तोंडावर टॉवेल. दार धाडकन उघडून बेकरीवाला आत.

"होईलराव! काय चाललंय काय तुमचं?"

"हळू बोल रे," होईलराव कुजबुजले.

"हळू काय हळू! आज मी भट्टी भावाच्या गळ्यात मारली आणि गेलो. तुमचं ऐकलंच नाही! लाट कमरेला, मतलई वारा, कडेने अशी सोलल्यासारखी फुटत होती, काय सांगू! अख्ख्या समुद्रात मी एकटा! बाकी सगळे तुमच्या ‘नको’वर घरी घोरत पडले. आणि किनाऱ्यावरचे कोळी म्हणतात, हे गेले आठ दिवस असंच होतं! तुमचा मेंदू कात्रीने कापला गेला की काय?"

"अरे, तू नंतर ये."

"नंतर कशाला? या गिऱ्हाइकालाही कळू दे!"

टॉवेलखालून आवाज आला, "बोलू द्या त्यांना. कळतंय मला."

बेकरीवाल्याने तो आवाज ओळखला. मग "बाई, तब्येत बरी ना?" असं काहीतरी पुटपुटून तो आला तसा मागच्या मागे पसार झाला.

होईलराव फेस धूत राहिले. फेस कधीच संपला होता, तरी धूत राहिले.

"पाणी बंद करा," बाई म्हणाल्या. त्यांनी टॉवेल काढला. "आता खरं सांगा. उद्या कसं?"

होईलरावांनी हात पुसले, चष्मा लावला, फोन काढला. नंतर खिडकीशी जाऊन बराच वेळ बाहेर बघत राहिले.

"लाट मांडीएवढी. दोन लाटांमध्ये आठ सेकंद, म्हणजे हलक्या आहेत. वाळू पुन्हा साठलीय, उंचवटा तिरका झालाय, डावीकडून नीट फुटेल. ओहोटी अर्ध्यावर येईल तेव्हा सगळ्यात छान. मतलई वारा उन्हं तापेपर्यंत टिकेल. इतका चांगला समुद्र वर्षातून थोडेच दिवस मिळतो." ते थांबले. "हा झाला अंदाज. आता माझं ऐक. मला भीती वाटते गं. मागच्या वेळी माझ्या शब्दावर गेलीस आणि तुला मी जवळजवळ घालवून बसलो होतो. पुन्हा जा म्हणायला माझी जीभ रेटत नाही."

बाईंनी ओले केस पिळले. "मग भीती वाटते एवढंच सांगायचं होतं. बिचाऱ्या ढगांना कशाला मध्ये घेतलंत?"

सकाळी दोघं किनाऱ्यावर गेले. बोर्ड होईलरावांनी उचलून नेला, बाईंना हात लावू दिला नाही. समुद्र अगदी त्यांनी सांगितला होता तसाच होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपला अंदाज खरा ठरल्याचं काडीचंही कौतुक वाटलं नाही. बाई पाण्यात शिरल्या, बोर्डवर पालथ्या झाल्या, हाताने पाणी मागे सारत पुढे गेल्या. उजवा हातही जात होता. होईलराव तो हातच बघत होते. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते काय खोटं आहे? प्रत्येक लाट त्यांना डोंगराएवढी दिसत होती, आणि होती बिचारी मांडीएवढी.

बाईंनी एक लाट सोडली, दुसरी सोडली. मग वळल्या, दोन-चार जोराचे हात मारले आणि उभ्या राहिल्या. फार वेळ नाही. डावीकडे थोडं अंतर गेल्या, गुडघे वाकवले, हात पसरले, आणि धप्पकन पाण्यात. होईलराव चपला-पँटीसकट धावले. कमरेपर्यंत आत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण कमरेपर्यंत आत आहोत. तेवढ्यात बाई वर आल्या, तोंडावरचे केस मागे सारत, खदाखदा हसत. होईलरावांचा जीव भांड्यात पडला.

दोघं वाळूत येऊन बसले. होईलराव पँटीचे पाय पिळायला लागले. बाईंचं हसू हळूहळू ओसरलं.

"अहो, एक सांगायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी तुमच्या शब्दावर नव्हते गेले."

"म्हणजे?"

"इथे उभं राहून बघितलं होतं मी. दोन लाटा माझ्या डोळ्यांदेखत एकदम खाली आल्या. बेकरीवाला म्हणालासुद्धा, बाई, आज नको. मी म्हटलं, एक तरी घेतेच. माझी हौस, माझा हट्ट. तुमचा त्यात काही संबंध नव्हता."

होईलराव ताडकन वळले. "अगं, मग इतके महिने बोलली का नाहीस? मी स्वतःला खात होतो! आरशात तोंड बघवत नव्हतं मला, आणि माझ्या धंद्यात समोर आरशाशिवाय आहे काय?"

"सांगणार होते. पण तुम्ही केस धुवायला लागलात." बाईंनी मान खाली घातली. "इतक्या मायेने कुणी माझ्या डोक्याला हात लावला नव्हता हो, लहानपणी आईने लावला तेवढाच. वाटलं, खरं सांगितलं तर तुम्ही चिडाल, आणि ते बंद होईल. हात तर केव्हाच वर जायला लागला होता. तेही लपवलं, आणि तुमच्या ‘नको’ला ‘बरं’ म्हणत राहिले. तुम्ही मात्र मनात काय घेऊन बसला आहात, ते काल दुकानात कळलं मला. चुकलं माझं."

होईलरावांनी चपलेतली वाळू झटकली. "म्हणजे माझा अंदाज चुकला नव्हता?" त्यांनी शेवटी विचारलं.

"चुकला होता की! ढळढळीत चुकला होता. पण मला पाण्यात तुम्ही नव्हतं ढकललं."

होईलरावांना रडू आलं. वाळूत बसून, भिजलेल्या पँटीत, एवढा मोठा माणूस हमसून हमसून रडला, आणि रडता रडता हसला. "मला रागवायचंय तुझ्यावर," ते म्हणाले. "चांगलं सणसणीत रागवायचंय. पण आज नाही. आज तू परत आलीस, त्यातच मी भरून पावलो."

"मग उद्या रागवा," बाई म्हणाल्या आणि उठल्या. बोर्ड उचलला. "तोवर अजून एक घेऊन येते."

होईलरावांनी अडवलं नाही. भीती होतीच, ती कुठे जाते? पण ते उठले, डोळे पुसले, कपाळावर हात धरून लांबवर पाण्याकडे बघितलं, आणि जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडले, "अगं, पहिल्या दोन सोड! तिसरी घे, ती तुझी आहे!"