हाक न मारलेली सकाळ

मोगऱ्याच्या कळ्या उजाडायच्या आत खुडाव्या लागतात. उन्हं चढली की उमलतात, मग बाजारात त्यांना कुत्रं विचारत नाही. राजोडीच्या अलीकडे आमच्या वाड्या एकमेकींना लागून आहेत. पहाटे प्रत्येक बाई आपल्या वाडीत एकटी, त्यात सापाकिरडाची भीती. म्हणून कुंपणावरून हाक मारायची आणि पलीकडचीने ओ द्यायची, ही आमची जुनी रीत.

पहिली हाक माझी. मी पडले तोंडाळ! माझं हसणंसुद्धा चार वाड्यांपलीकडे ऐकू जातं. शेजारच्या वाडीत माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या अगदी उलट. त्यांनी कधी म्हणून ओ दिली नाही. लग्नाबारशाला कोपरा धरून बसायच्या. "शिष्ट आहे मेली," असं बायका म्हणायच्या, आणि मीही त्यांच्यात होते.

एकदा पाटाच्या पाण्यावरून मी सगळ्याजणींशी कडाकडा भांडले. "उद्यापासून एकीला हाक मारली तर नाव बदलेन!" असं ठणकावून घरी आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे वाडीतल्या तळ्यावर, आमच्या बावखलावर, मोटर लावली आणि वळताना शेवाळावरून पाय सटकला. मांडीचं हाड मोडलं. गळ्यापर्यंत पाणी, हातात काठावरच्या झाडाचं मूळ. वर मोटरची घरघर, माझी बोंब मलाच ऐकू येईना. माझी हाक आली नाही, तर बायकांना वाटलं, रुसलीय, बसू दे रुसून. त्यांचं तरी काय चुकलं?

बोटं सुटायला लागली, तेवढ्यात कुंपण फाकवून जाऊबाई आल्या. हात काट्यांनी ओरबाडलेले. त्यांनी माझं मनगट धरलं आणि अशी आरोळी ठोकली की सगळ्या वाड्या धावत आल्या. त्यांचा एवढा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

माणिकपूरच्या दवाखान्यात मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला कसं कळलं?"

"तू भांडलीस की दुसऱ्या दिवशी जास्तच ओरडतेस. तुझा राग रात्रभरसुद्धा टिकत नाही. आज गप्प होतीस."

"मग रोज ओ का देत नाही?"

"देते की," त्या म्हणाल्या. "मनात."

गेल्या वर्षी त्या झोपेतच गेल्या. खांदा दिला, दिवस घातले, सगळं रीतीने झालं. पण पहाटे मी हाक मारते तेव्हा त्या वाडीतून काही येत नाही, आणि पूर्वीही येत नसे. मग त्या तेव्हा होत्या नि आता नाहीत, हे माझ्या कानांनी ओळखायचं कसं? त्या कुंपणाकडे पाठ करून मला कळ्या खुडवत नाहीत.

परवा मी मुद्दाम हाक मारली नाही. कळ्यांची टोपली खाली ठेवली आणि कुंपणाकडे तोंड करून उभी राहिले. उजाडलं. कळ्या उमलायला लागल्या.

मागच्या वाडीतून कुणीतरी हसलं. "आज परत रुसली वाटतं!"

मी उभीच होते. कुंपण हललं नाही.