गुलाबरावाच्या वावरातली माती

तुळशीराम जन्मात कधी कुस्ती खेळला नाही. हातापायाच्या काड्या, छाती आत गेलेली. लहानपणी आखाड्याजवळ उभा राहिला की मोठे पैलवान म्हणत, "बाजूले हो बे, वाऱ्यानं पडशील." पण आवाज असा, की डोणगावच्या बाजारात तो कोथिंबीर घेऊन बसला तर बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बांगड्या भरणाऱ्या बायांनाही आज कोथिंबीर आल्याचं कळे. एका जत्रेत ठरलेला निवेदक आलाच नाही, तेव्हा लोकांनी या माळ्याच्या पोराच्या हातात माईक दिला. तो हातातून अजून सुटलेला नाही. आता केस पांढरे झाले, दात गेले, पण मेहकरपासून लोणारपर्यंत कुठेही कुस्त्यांची दंगल असली की तुळशीरामला बोलावणं येतंच.

बाकीचे निवेदक पैलवानाचं नाव, गाव, वजन सांगून मोकळे होतात. तुळशीराम तुलना करतो. "हा गडी भाकर थापल्यासारखा दाबते, तो सुपातल्या दाण्यासारखा उडवते. आता पाहा, आज भाकर होते का पाखडन!" लोक हसतात, आणि हसता हसता त्यांना कुस्ती दिसायला लागते.

त्याची सगळ्यात आवडती तुलना मात्र अर्जुनराव आणि गुलाबराव यांची.

अर्जुनराव मेहकरचा, मोठ्या शेतीवाडीच्या घरातला. मान बैलासारखी. समोरच्याच्या मानेवर तो एक हात ठेवी आणि मग तो हात काढतच नसे. नुसता दाबत राही. समोरचा आधी झटापट करी, मग धापा टाकी, मग गुडघ्यावर येई. अर्जुनरावाला घाई कधीच नव्हती.

गुलाबराव डोणगावच्या बाहेरच्या वाडीतला. लहानसं वावर, त्याच्या कडेला कडुलिंबाखाली स्वतः खणलेला आखाडा. तिथे तो एकटाच मेहनत करी. जोडीदार नाही, वस्ताद नाही, कोणी बघायला आलं तर अंगात सदरा घालून बसून राही. उंच, सडपातळ, डावा कान जुन्या माराने चुरगळलेला. लढताना तो मान किंचित उजवीकडे कलवून उभा राही, हलायचाच नाही. एकाएकी त्याच्या डाव्या हाताचा अंगठा त्या कानावरून फिरे, समोरच्याची नजर तिकडे जाई, आणि तेवढ्यात गुलाबराव खाली शिरून त्याचा पाय उचललेला असे. समोरच्याला आभाळ दिसे. तुळशीरामनेच या डावाला माईकवरून 'कानाची हूल' म्हटलं, आणि तेच नाव पडलं.

दोघांची गाठ एकदाच पडली, डोणगावच्या जत्रेत. अर्जुनरावाने मानेवर हात ठेवायचा आणि गुलाबरावाने तो निसटवायचा, असं दिवस मावळेपर्यंत चाललं. शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. पुढच्या वर्षी पुन्हा लावायचं ठरलं. त्या उन्हाळ्यात गुलाबराव जनावरांच्या कुटाराच्या, भुशाच्या ढिगात हात घालायला गेला आणि साप चावला. मेहकरच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता.

अर्जुनरावाची पुढे तालीम झाली. पत्र्याचं छत, खाली गादी, दारावर नाव. तिथे शिकलेली पोरं पोलिसात गेली, फौजेत गेली. गुलाबरावामागे काहीच राहिलं नाही. मूलबाळ नाही, शिष्य नाही. घरोघरी मोबाईल यायच्या आधीच तो गेला, त्यामुळे कुस्तीचं चित्रणही नाही. मागे उरली बायको सुभद्राबाई, आणि तुळशीरामच्या तोंडच्या गोष्टी.

तरी अर्जुनराव भेटला की चहाचा कप हातात फिरवत विचारी, "तुळशीराम, खरं सांग बे. तो मोठा का मी?"

"निकालच लागला नाही भाऊ. मी काय सांगू?"

यावर अर्जुनराव कधी हसला नाही.

यंदाच्या डोणगावच्या दंगलीत पोरींच्याही कुस्त्या होत्या. गावाबाहेर अनुपमा नावाच्या बुलढाण्याच्या बाईने पोरींसाठी तालीम काढली होती. रीतसर शिकून आलेली, कडक, गळ्यात शिट्टी. तिची पूनम नावाची पोरगी जालन्याकडच्या एका दांडग्या पोरीसमोर उभी राहिली. ऊन लख्ख होतं, डफडं वाजत होतं, तुळशीराम रंगात आला होता.

"जालन्याची पोरगी रेटा देऊन राह्यली... आपली पूनम मात्र हालून नाई राह्यली... पाहा कशी उभी हाये, जशी काही..."

तो थांबला. पूनम हात खाली सोडून, मान किंचित उजवीकडे कलवून उभी होती. मग तिचा डावा अंगठा कानावरून फिरला.

"गुलाबराव!" तुळशीराम माईकमध्ये ओरडला.

शब्द हवेत असतानाच पूनम खाली शिरली होती. जालन्याची पोरगी पाठीवर पडली, डोळे उघडे, आपण कशा पडलो ते न कळलेली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पण आखाड्याभोवती बसलेली म्हातारी माणसं एकेक करून उठून उभी राहिली होती आणि त्यांच्यातला एकही टाळी वाजवत नव्हता. डफडंवालाही म्हातारा होता. त्याचा हात तसाच वर राहिला.

त्यानंतर अनुपमाची दुसरी पोरगी उतरली. ती ठेंगणी, गोल अंगाची, पूनमसारखी मुळीच नव्हती. तिनेही मान कलवली. तिचाही अंगठा कानाकडे गेला. तुळशीरामने माईक बंद केला आणि घसा बसल्याचं सांगून खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तालमीवर गेला. पोरी मातीत घाम गाळत होत्या. त्याने विचारताच अनुपमा वैतागली.

"सगळ्यांनाच ती खोड लागली आहे, काका. इथे आल्यावर आठवड्याभरात लागते. मी रागावून पाहिलं, शिक्षा करून पाहिली. बाहेर गादीवर खेळायला गेल्या की करत नाहीत. इथे मातीत उतरल्या की सुरू."

तुळशीरामने पूनमला जवळ बोलावलं. "कोनं शिकवलं तुले हे?"

"कोनंच नाई, काका. मी करतो हेच मले मालूम नाई राह्यत." ती जरा घुटमळली. "कानात काहीतरी वाजते. उन्हाळ्यात झाडावरचे किडे वाजतात ना, तसं. मग एकदम चूप होते. चूप झालं की मी पुढे गेलेली असतो."

"आधी का नाही सांगितलंस?" अनुपमा म्हणाली.

"तुमी हसल्या असत्या, मॅडम."

"ही माती कुठली?" तुळशीरामने विचारलं, पण उत्तर त्याला आधीच समजलं होतं.

रस्त्याच्या कामात सुभद्राबाईचं वावर गेलं होतं. यंत्र लागायच्या आधी ती स्वतः अनुपमाकडे आली होती. मालकाच्या आखाड्याची माती डांबराखाली जाऊ नये, पोरींच्या अंगाला लागू दे, एवढंच म्हणाली. ट्रॉली भरून माती आणली, चाळली, तीत ताक, हळद आणि तेल मिसळलं. लिंबाची मुळं निघाली तेवढी फेकली.

हे सांगताना अनुपमा आखाड्याच्या काठावर, अनवाणी, घोट्यापर्यंत मातीत उभी होती. बोलता बोलता तिने मान कलवली आणि डावा अंगठा कानावरून फिरवला. तिला पत्ता नव्हता. पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. तुळशीरामने नमस्कार केला आणि तो निघाला. सायकल कशी चालवली ते त्याला घरी पोचल्यावरही आठवेना.

अर्जुनरावाला सांगावं की नाही, यात त्याचे काही दिवस गेले. शेवटी मेहकरला जाऊन त्याने सगळं सांगून टाकलं. अर्जुनराव हसेल असं त्याला वाटलं होतं. अर्जुनरावाने चष्मा काढून ठेवला.

"चाल," तो म्हणाला.

"आता? दुपारच्या उन्हात?"

"पोरी घरी गेल्या असतील. चाल बे."

तालमीत कोणी नव्हतं. पत्रे तापून तडतडत होते. आतली माती मात्र थंड दिसत होती, नुकती भिजवल्यासारखी काळसर. अर्जुनरावाने चपला काढल्या, सदरा काढून खुंटीला लावला, धोतर खोचलं. तुळशीरामला वाटलं, म्हातारा मातीच्या पाया पडेल आणि परत फिरेल. अर्जुनराव खरंच वाकला, माती कपाळाला लावली, आणि सरळ होऊन त्याने मांडीवर शड्डू ठोकला. रिकाम्या तालमीत तो आवाज फार मोठा झाला.

मग त्याने हात पुढे केला. हात हवेत जाऊन थांबला, कोणीतरी मनगट धरावं तसा.

"भाऊ," तुळशीराम म्हणाला, "गुडघे दुखतात तुमचे. या बाहेर."

अर्जुनरावाचं लक्ष नव्हतं. दुसरा हात त्याने उंच नेऊन ठेवला, त्याच्यापेक्षा वीतभर उंच माणसाच्या मानेवर. आणि दाबला. दंडाच्या सैल कातडीखाली जुने स्नायू वर आले. त्याच्या पावलांसमोरची माती हळूहळू खचली. तिथे कोणाचंच पाऊल नव्हतं.

तुळशीरामचं तोंड आपोआप सुरू झालं. चाळीसएक वर्षांची सवय ती. समोर कुस्ती असली की त्याला गप्प बसताच येत नसे.

"अर्जुनरावानं मान धरली... गुलाबराव खाली येऊन राह्यला... नाई, निसटला! डावीकडून निसटला. अर्जुनराव फिरला. पुन्हा हात मानेवर..."

तो बोलत होता आणि तसंच घडत होतं. की घडत होतं तेच तो बोलत होता? हे मनात येताच तो थांबला. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

कुस्ती थांबली नाही. अर्जुनराव धापा टाकत होता. एकदा त्याने समोरच्याला जवळजवळ गुडघ्यावर आणलं. दोन्ही हातांत वजन असल्याचं त्याच्या पाठीवरून दिसत होतं. मग ते वजन गेलं. अर्जुनराव मागे सरला, हात सोडून उभा राहिला आणि समोर बघायला लागला. पत्र्यांची तडतड बंद झाली. बाहेर कावळा ओरडत होता, तोही थांबला. त्या शांततेत अर्जुनरावाच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी उजळलं, हरवलेलं माणूस बाजारात दिसावं तसं.

त्याचा डावा पाय जमिनीवरून उचलला गेला आणि तो पाठीवर पडला. दोन्ही खांदे मातीला टेकले.

तुळशीराम धावला. अर्जुनराव छताकडे बघत पडला होता आणि डोळ्यांतलं पाणी कानशिलावरून मातीत जात होतं. लागलं कुठेच नव्हतं.

"लागला निकाल," तो म्हणाला. श्वास जागेवर यायला वेळ लागला. "तुळशीराम, तू चुकीचं सांगे बे लोकायले. ती हूल नव्हती. मी त्याच्याकडे नीट पाह्यलंच नव्हतं कधी, नुसता दाबत राह्यलो. तो कान चोळून सांगे, आता येतो म्हनून. सांगून येत होता तो. आपल्यालेच आयकू येत नव्हतं."

तुळशीरामने त्याला उठवून बसवलं, पाठीवरची माती झाडली. ती झडली नाही. घरी दोनदा अंघोळ करूनही खांद्यांवर पिवळट डाग राहिल्याचं नंतर अर्जुनरावाने सांगितलं. सांगताना तो नाराज दिसला नाही. त्यानंतर त्याने तुळशीरामला तो जुना प्रश्न परत कधी विचारला नाही.

सुभद्राबाईला न सांगणं तुळशीरामला बरं वाटेना. रस्त्याच्या पलीकडे भावाच्या घरी ती राहत होती. अंगणात तुरी पाखडत होती. त्याने पूनमचं सांगितलं, दुपारचंही सांगितलं. फक्त पूनमच्या कानात काय वाजतं, ते बोलायचं राहिलं. सुभद्राबाई सूप खाली न ठेवता ऐकत राहिली.

"त्यायच्या कानात किडे वाजत," ती म्हणाली. "सदाचेच. झोपू नाई देत. मले म्हनत, सुभद्रे, कुस्तीत मात्र एकदा थांबतात. थांबले की लय बरं वाटते." तिने सूप ठेवलं. "थकले होते का ते, भाऊजी? तुमाले कसे वाटले?"

तुळशीराम तिच्यासमोर उकिडवा बसला. "दिसले नाईत, वहिनी. पन थकलेले नव्हते. जोमात होते."

तिने मान हलवली आणि त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेली.

पुढे अनुपमाकडे सरकारी गादी आली. पोरी आता स्पर्धेसाठी गादीवर खेळतात आणि कानाला हात लावत नाहीत. मातीचा आखाडा अनुपमाने बुजवला नाही. कोणी विचारलं तर पोरींचे गुडघे मातीत बरे राहतात म्हणते. दुपारी मात्र ती कोणाला आत जाऊ देत नाही, स्वतःही जात नाही.

शनिवारी सुभद्राबाई येते आणि काठावर बसते. परवा ती तुळशीरामबरोबरच आली. दाराचं कुलूप अनुपमाने त्यांच्यासमोर काढलं. आत माती खणून, ढेकळं फोडून, पाणी मारून तयार होती.

"मी नाही केलं," अनुपमा हळूच म्हणाली.

सुभद्राबाईने चपला बाहेर काढल्या, आत जाऊन नेहमीच्या जागी बसली आणि पदर सारखा केला. तुळशीराम दारातच उभा राहिला.