ए-मॅथ्सला दिलेला होकार

अजूनही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

शाळेतल्या त्या मीटिंगला आम्ही तिघं गेलो होतो. मी, नवरा आणि सेकंडरी थ्रीतली, म्हणजे आपल्याकडच्या नववीतली, आमची लेक. त्या वर्गात इथे ए-मॅथ्स घेता येतं, म्हणजे नेहमीच्या गणिताच्या वरचं गणित. लेकीला विमानाची इंजिनं बनवायची आहेत. पुंगोलच्या आमच्या घराच्या खिडकीतून विमान दिसलं की ती भरल्या ताटावरून उठते. त्या वाटेवर ए-मॅथ्स नसेल तर पुढे फार अडतं, हे तिनेच आम्हाला समजावून सांगितलं होतं. वर्षाच्या सुरुवातीच्या परीक्षांत ती आपटली. रडली, फुरंगटली, आणि नाक पुसून पुन्हा तीच गणितं घेऊन बसली. आणखी काय हवं असतं हो पोरीकडून?

टीचर अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "ती फार धडपडतेय. ए-मॅथ्स सोडलं तर बाकीच्या विषयांना वेळ मिळेल. तुम्हाला काय वाटतं?"

आणि माझ्या नवऱ्याने, चांगी बिझनेस पार्कातल्या आपल्या साहेबाला 'ही डेडलाइन जमणार नाही' म्हणून तोंडावर सुनावणाऱ्या माणसाने, नंदीबैलासारखी मान हलवली. "शुअर, टीचर. यू नो बेस्ट." झालं! मी तोंड उघडेपर्यंत हा उठून उभा, आणि थँक्यू थँक्यू करत दारापर्यंत पोचलेला.

घरी परतताना एमआरटीच्या गाडीत मी भडकले. "अरे, त्या विचारत होत्या! तुम्हाला काय वाटतं, असं विचारलं त्यांनी!"

"अगं, ते आपलं विचारायचं म्हणून. त्यांचं ठरलेलंच असतं. टीचरला काय उलट बोलायचं?"

हे आमच्या पुण्यातल्या शाळांचं देणं. बाई म्हणाल्या म्हणजे ब्रह्मवाक्य. आमच्या आईवडलांना शाळेत बोलावलं की ते दारातूनच सांगायचे, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा, हवे तर दोन फटके द्या." आणि याला म्हणायचं आदर! तो आदर या गृहस्थाने बॅगेत घालून इथवर आणला आणि इतकी वर्षं जपून ठेवला. चुलीत घाला तो आदर!

लेक इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली, "नेव्हर माइंड लाह, आई."

कसलं डोंबलाचं नेव्हर माइंड! पुढच्या आठवड्यापासून वर्गात ए-मॅथ्स सुरू झालं की हिला लायब्ररीत बसायला पाठवायचे. घरी आली की दप्तर टाकून आडवी व्हायची. विचारलं तर ओके, काही म्हटलं तर ओके. मला त्या ओकेची भीती वाटायला लागली.

मग एक दिवस लिफ्टमध्ये आमच्याच इमारतीतली चिनी बाई भेटली. तिचा मुलगा लेकीच्याच वर्गात, गणितात तिच्याहून कच्चा. ती म्हणाली, त्यालाही सोडायला सांगितलं होतं. "मी म्हटलं, नो लाह, त्याला अजून एक परीक्षा देऊ द्या. शाळेने देऊ दिली." एवढं बोलून ती भाजीच्या पिशव्या सावरत आपल्या मजल्यावर उतरली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिचं इंग्रजी माझ्याहून मोडकं, पण तिला 'नो' म्हणता येतं!

दुसऱ्या दिवशी रजा टाकून एकटी शाळेत गेले. रात्रभर मनात वाक्यं घोटली होती. कुणी आडवं आलं तर फाडून खायच्या तयारीत होते मी.

टीचर म्हणाल्या, "हो, येऊ दे ना तिला परत ए-मॅथ्सला. पुढच्या परीक्षेपर्यंत बघू. खरं सांगू? तुम्ही नाही म्हणाल असंच मला वाटलं होतं. तुमचे मिस्टर लगेच हो म्हणाले, तेव्हा वाटलं, घरी सगळ्यांचं बोलणं झालं असेल."

इतकं सोपं होतं! एवढ्याशा 'नाही'साठी माझी पोर इतके दिवस लायब्ररीत भिंतीकडे बघत बसली होती. भांडायला समोर कुणी उरलंच नाही, आणि तो सगळा राग मी तसाच्या तसा घरी घेऊन आले.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. आधी चेहरा पडला, मग एकदम खुलला. "अरे वा, बरं झालं की!" बरं झालं म्हणे! जसं काही वरून पडलं होतं ते संकट. लेक टेबलाशी गणितं सोडवत होती. हा खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. "आण गं इकडे. आता रोज मी घेतो तुझं. सगळं पक्कं करून टाकू."

"नको," ती मान वर न करता म्हणाली.

"अगं, इंजिनिअर आहे मी."

"माहितेय. पण टीचरने तुला विचारलं ना, बाबा, तेव्हा तू माझ्याकडे बघितलंपण नाहीस."

  त्याने माझ्याकडे बघून खुणेनेच विचारलं, आता काय करू?

मी म्हटलं, "मला काय विचारतोस? तिला विचार."