थर्मामीटरला घातलेला ओला मोजा

कूलरवाला सासूवर जादूटोणा करतो, ही बातमी इस्त्रीवालीने सकाळी गल्लीच्या एका टोकाला सोडली. दुपारी दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तिला शिंगं, शेपूट सगळं फुटलं होतं. खरं होतं ते एवढंच: त्याने सासूबाईंच्या खोलीत दोन थर्मामीटर टांगले होते आणि त्यातल्या एकाला ओला मोजा घातला होता. मोजा धुतलेला होता, हेही सांगायला हवं, कारण बातमीत तो धुतलेला नव्हता.

गेली वीस वर्षं हा गृहस्थ लोकांचे कूलर दुरुस्त करतोय. पंप अडो, गवताच्या जाळ्या कुजोत, हा कानामागे पेन्सिल खोचून हजर. त्यामुळे सासूबाई उन्हाळ्यात राहायला आल्या तेव्हा त्याने दुकानातला सगळ्यात देखणा कूलर आणून खोलीच्या मधोमध उभा केला. "फक्त खिडक्या उघड्या ठेवा," एवढं सांगून छाती पुढे काढून तो कामाला गेला.

तिसऱ्या दिवशी फटाका फुटला.

"जावईबापू, ही खोली आहे की आंघोळीचं पाणी तापवायचं भांडं? चादर अंगाला चिकटतेय. उद्या सकाळी मी माझ्या घरी जाते."

"आई गेली तर मीही तिच्याबरोबर," बायको म्हणाली. "आणि का चाललो, ते गल्लीभर सांगत जाईन."

ते दुसरं वाक्य ऐकून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ज्याच्या घरून सासू उकाड्याने पळाली, त्याच्याकडे कूलर कोण देणार? त्याने जाळ्या बदलल्या, पंप बदलला, पंख्याला तेल दिलं. कूलर बिचारा निर्दोष निघाला. मग आले थर्मामीटर. मोजा मात्र एकच, कारण जोडीदार तीन दिवसांपासून बेपत्ता होता.

"हे काय नवीन?" बायकोने कमरेवर हात ठेवून विचारलं.

"अगं, मोज्यातलं पाणी उडतं. आधी कोण उडतं? ज्यांच्या अंगात जास्त मस्ती, ते कण. दंगेखोर निघून गेले की मागे उरतात शांत मंडळी. म्हणून मोजा गार होतो. ओला थर्मामीटर कोरड्यापेक्षा जितका खाली, तितकी हवा तहानलेली."

"आणि इथे?"

इथे दोन्ही थर्मामीटर जुळ्या भावांसारखे एकच आकडा दाखवत होते.

"इथली हवा पिऊन तुडुंब झालीये. जितके कण उडतात, तितकेच परत येऊन बसतात. कूलर आग्रह करकरून पाणी पाजतोय, पण प्यायला कोणी तयार नाही. ओली हवा बाहेर जातच नसणार!"

आणि तेव्हा त्याची नजर खिडक्यांवरच्या जाड पडद्यांकडे गेली. त्याने सगळं यंत्र उचकटलं होतं, पण पडद्यामागे डोकावण्याची बुद्धी झाली नव्हती. त्याने पडदा सारला. खिडकी घट्ट बंद. दुसरीही बंद. आणि दोन्हींच्या फटींत कोंबलेले अकरा मोजे. सगळे त्याचेच.

"मग?" सासूबाई मुळीच वरमल्या नाहीत. "गारवा बाहेर पळत होता. मी कोंडला."

त्याने मोजे उपसले, खिडक्या सताड उघडल्या. बाहेरची कोरडी हवा आत आली, ओली बाहेर गेली. कोरडा थर्मामीटर हळूहळू उतरू लागला, ओला त्याच्याही पुढे. अर्ध्या तासात सासूबाईंनी पायांवर चादर ओढली.

"बरं, राहते मी," त्या म्हणाल्या. "पाऊस येईपर्यंत. पण एक सांगा, हे पाणी आपण होऊन उडतंच कशाला? टाकीत सुखाने पडून राहायचं!"

"या मोज्यांकडे बघा, आई. जोड्या लागायची रीत एक, विस्कटायच्या शंभर. म्हणून सोडून दिलं की सगळं पसरतं. टाकीतल्यापेक्षा हवेत पसरायला पाण्याला कितीतरी जास्त वाटा. या पसाऱ्याच्या मापाला शास्त्रवाले एन्ट्रॉपी म्हणतात. त्या पसरण्याच्या हौसेपायी पाणी हवेची उष्णता घेऊन उडतं आणि आपल्याला गार वाटतं."

"म्हणजे तुमच्या घरातला पसारा शास्त्राला धरून आहे म्हणा! मग या मोज्यांच्या जोड्या लावणार कोण?"

तो पेन्सिल कानामागे खोचत म्हणाला, "पसरलेलं आपोआप गोळा होत नाही, आई, कोणाला तरी राबावं लागतं. कूलर मी लावला. मोजे तुम्ही लावा."