दुपदरी काठाचं टोपलं

ही गोष्ट सांगायची मी बारा-तेरा वर्षं टाळली. कुणी विचारलं असतं तर सांगितली असती, असं स्वतःला बजावत आलो. पण विचारणारं कोणी नव्हतं, हे मला चांगलं माहीत होतं.

सध्या मी कोकणात मुलीकडे आहे. सौंसरचं घर बंद करून आलो. इथे आसपास रोज कुठे ना कुठे आठवडी बाजार असतो आणि मी एकही चुकवत नाही. सुक्या मासळीच्या रांगेतून, कोकमाच्या ढिगांमधून, मडक्यांच्या बाजूने नुसता फिरत राहतो. मुलीला वाटतं, बाबांना बाजाराची हौस आहे. मागच्या आठवड्यात तिने बांबूकाम विकणाऱ्या बाईपुढे बसून एक टोपली उचलली. बाई म्हणाली, "आवसेक तोडलेली काठी आसा, कीड लागाची नाय." मी तिथून तडक चालता झालो. मुलगी धापा टाकत मागे आली.

"बाबा, कुठं चालले तुम्ही? कोणी मागं लागून राहिलं का?"

"पाय मोकळे करून राहिलो," मी म्हणालो.

बांबू उजेडाच्या पंधरवड्यात तोडला तर त्याला कीड लागते, अंधाराच्या पंधरवड्यात तोडला तर टिकतो, असं आमच्याकडेही मानतात. आमच्या भागात बांबूकाम करणाऱ्याला 'चांदण्यातला बांबू विकतो' म्हणणं म्हणजे दूधवाल्याला पाणी घालतो म्हणण्यासारखं. तेच मी एका बाईला म्हणालो होतो.

मी तेव्हा नुकताच शाळेतून निवृत्त झालो होतो. तिगावकडे थोडी संत्र्याची बाग होती. सौंसरच्या बाजारात ती बाई सूप-टोपली घेऊन बसायची. वयाने माझ्याच बरोबरीची, बोलायला मोकळी. एके दिवशी घरातलं एक टोपलं उचललं तर खालून पिठासारखी भुकटी सांडली. कीड लागलेली. मी ते टोपलं घेतलं, बाजारात गेलो आणि तिच्यापुढे टाकलं.

"चांदण्यातला बांबू विकून राहिली का तू?"

तिने टोपलं उलटंसुलटं करून पाहिलं. शांतपणे म्हणाली, "गुरुजी, हे माह्या हातचं नोहे. माह्या टोपल्याचा काठ तिपदरी रायते. हा दुपदरी आहे. मोजून पाहा न."

"मले मोजणं शिकवून राहिली?" मी म्हणालो. लोक जमले होते. मला तेवढ्यात मागे सरता आलं नाही. चहावाला आपल्या जागेवरून म्हणाला, "गुरुजीनं नापास केलं, बाई, तुले." सगळे हसले. मीही हसलो. काठ मात्र मी मोजला नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "ते टोपलं तुम्ही पांढुर्ण्याहून आणलं होतं, संत्रा तोडायच्या वेळी. तिचं तर वर माळ्यावर आहे, चांगलं धड." मी माळ्यावर चढलो. काठ मोजला. तिपदरी होता.

"पुढच्या बाजाराला जाऊन सांगून या," बायको म्हणाली. पुढच्या बाजाराला मी तिची जागा टाळून भाजीच्या गल्लीतून गेलो आणि तसाच परत आलो. बायकोने विचारलं, सांगितलं का? मी म्हणालो, सांगितलं.

इकडे तो शब्द बाजारात फिरत राहिला. गिऱ्हाईक तिच्या टोपल्यांवर बोटाने वाजवून विचारायचे, "का बाई, चांदण्यातलं का अंधारातलं?" थट्टाच, पण टोपली खाली ठेवून पुढच्या दुकानी जायचे. काही महिन्यांनी ती रामाकोन्याच्या बाजारात बसू लागली. तिथेही गावं तीच, माणसं तीच. मग तिने विणणं सोडलं आणि संत्रा तोडायला मजुरीने जाऊ लागली. त्याच सुमारास संत्रा भरायला टोपल्यांऐवजी सगळीकडे प्लास्टिकचे कॅरेट आले. लोक म्हणायचे, कॅरेटने बांबूवाल्यांचा धंदा बसवला. ते कारण मला फार सोयीचं पडलं. मीही चारचौघांत तेच सांगायचो.

बायको गेल्यानंतरच्या वर्षी जामसांवलीला दर्शनाला गेलो होतो. बाहेर येऊन चपला घालत होतो तर आवाज आला, "गुरुजी, पाय दुखून राहिले का? बसा न जरा." तीच. ओट्यावर सरकून तिने मला जागा केली. मी बसलो. तिने घरचं विचारलं, मी बायको गेल्याचं सांगितलं.

"लय चांगली होती," ती म्हणाली. "एकदा आली होती माह्या घरी. म्हणे, टोपलं तुमचं नव्हतं, हे सांगाले गुरुजी येऊन गेले न?"

मी वाकून चपलेचा पट्टा सारखा करू लागलो.

"मी म्हटलं, हो, येऊन गेले."

मी काही बोलेन याची ती वाट पाहत होती की नाही, मला ठरवता येत नाही. तिची सून प्रसाद घेऊन आली, त्यातला अर्धा बाईने माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला, "येतो" म्हणालो आणि उठलो. बस मिळायला अजून तासभर होता. तो तास मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून काढला. ती तिथेच बसलेली दिसत होती.

या दिवाळीनंतर ती गेल्याचं कळलं. आठ दिवसांत घराला कुलूप लावून मी इकडे आलो.

त्या ओट्यावर बसून म्हणायचं होतं ते एवढंच. बाई, टोपलं तुमचं नव्हतं. ते मला त्याच दिवशी कळलं होतं. भर बाजारात बोललो होतो, तर भर बाजारात येऊन परत घ्यायला हवं होतं. माझ्यासाठी तुम्ही माझ्या बायकोशी खोटं बोललात, आणि मी तुमच्यासाठी खरंही बोललो नाही. मला माफ करा.