दादांची डावी बाजू

दुसऱ्याची चूक आमच्या थोरल्या दिरांइतकी लवकर ओळखणारा माणूस इंदापूर आणि बारामती या दोन्ही तालुक्यांत शोधून मिळायचा नाही. घरात लहानथोर सगळे त्यांना दादा म्हणतात. ते कारखान्यात चिटबॉय होते, म्हणजे गावोगाव फिरून कुणाचा ऊस कधी लागला आणि कधी तोडीला येणार याच्या नोंदी ठेवायचे. बांधावर गाडी लावून पाच मिनिटं नुसते उसाकडे बघत आणि मग सांगत, की या सरीला पाणी देणारा गडी झोपला होता, त्या कोपऱ्यात खताची पाटी संपली आणि दुसरी आणायचा कंटाळा केला. शेतकरी चिडायचा, पण खोटं आहे असं म्हणायचा नाही. माझ्या थोरल्या मुलीसाठी दादा आणि आमचे मालक वडगाव निंबाळकरला स्थळ बघायला गेले, तेव्हा तिथं चहा एका दारातून आला आणि बशा दुसऱ्या दारातून आल्या. दादांनी कपाला हात लावायच्या आधी सगळ्यांसमोर विचारलं, "घरात दोन चुली कवापासनं हायेत?" खरंच होत्या. स्थळ तिथंच मोडलं. परत येताना तिथला चहा प्यायचा राहिला म्हणून दादांनी भवानीनगरला गाडी थांबवून दोन कप घेतले.

नोकरीतून मोकळे झाल्यावर त्यांना बघायला लोकांचा ऊस राहिला नाही, म्हणून त्यांनी मोबाईलवरची लढाई धरली. जगाचा मोठा नकाशा, त्यावर वीस-पंचवीस देश, आणि एकेका देशामागं कुठंतरी बसलेला एकेक खरा माणूस. रणगाडे, पायदळ, विमानं, बोटी असं सगळं. एक लढाई महिना-महिना चालते, कारण रणगाड्याला एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला खरोखरचे तास लागतात. दादा म्हणायचे की लढायचं काही नसतं, समोरचा चुकेपर्यंत बसायचं असतं. त्या माणसांची इंग्रजी नावं त्यांच्या ध्यानात राहत नसत, म्हणून त्यांनी चुकांवरून सगळ्यांची बारशी केली होती. एक वऱ्हाडी होता. तो निघाला की सगळं सैन्य घेऊन निघे. "सगळी लग्नाला गेली, घराला कुलूप न्हाय," असं म्हणत दादा त्याची राजधानी घ्यायचे. एक पाळीवाला होता, तो पाटाच्या पाण्याची पाळी असावी तसा ठरल्या वेळेलाच हल्ला करी. एक दिवस त्याचा हल्ला आला नाही, तर दादा अस्वस्थ झाले. त्याच्या घरी कुणी आजारी असणार, असं ठरवून त्यांनी दोन दिवस त्याच्या वाटेला जायचं नाही असं केलं. तिसऱ्या दिवशी तो वेळेवर आला आणि दादांचं एक शहर घेऊन गेला. दादांना आनंदच झाला.

हे सगळं ते ओट्यावर बसून आमच्या मालकांना मोठ्यानं सांगायचे. मालक दुसऱ्याच वाक्याला पेंगायचे, आणि आत भाकरी थापता थापता ऐकत मी लढाई शिकले. आमच्यात भावजय थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यांना काही सांगायचं असलं तर मी जाऊबाईंना सांगते, त्या नसल्या तर भिंतीकडं बघून सांगते आणि दादा भिंतीलाच उत्तर देतात. त्यात कधी कुणाचं अडलं नाही. निदान मला तसं वाटायचं.

गेल्या थंडीत दादा हरायला लागले. नकाशावर त्यांच्या पश्चिमेला एक खेळणारा होता, त्याचं नाव त्यांनी मुक्या ठेवलं होतं. बाकीचे एकमेकांना शिव्या लिहीत, चिडवत, हा कधी एक अक्षर लिहीत नसे. तो दादांची शहरं एकामागून एक घेत होता. "मुक्या चुकतच न्हाय," दादा मालकांना सांगायचे, "असा गडी आजवर बघितला न्हाय." हरणाऱ्या माणसाचा आवाज इतका कौतुकाचा मी कधी ऐकला नव्हता. एकदा पाण्याचा तांब्या ठेवायला मी मागून गेले, तर मोबाईलच्या डाव्या कडेला मुक्याचे लाल रणगाडे रांगेनं उघड्यावर उभे होते. लपवलेलं काही नव्हतं. दादांचं बोट मात्र उजव्या बाजूलाच फिरत होतं. त्यांचा काहीतरी बेत असेल असं मला वाटलं.

त्याच आठवड्यात त्यांच्या ताटातली चटणी राहायला लागली. चटणी, मीठ, लिंबू, कांदा आम्ही सगळ्यांच्याच ताटात डावीकडं वाढतो. दादांची आमटी-भाजी संपायची आणि डावी बाजू जशीच्या तशी परत यायची. भाकरीचासुद्धा डावीकडचा तुकडा राहायचा. जाऊबाईंना वाटलं चटणी बिघडली. त्यांनी तीन दिवसांत तीन तऱ्हेच्या चटण्या केल्या आणि चौथ्या दिवशी रुसल्या. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून ताट न्यायचं काम माझं. त्या दिवशी दुसरी भाकरी वाढताना ताट मी जरा ओढून घेतलं आणि परत ठेवताना उलटं फिरवून ठेवलं. दादांनी लगेच चटणीला बोट लावलं. "आज चटणी केली व्हय?" असं त्यांनी आत विचारलं, आणि सगळी खाल्ली.

मला तेव्हाच कळलं. त्यांना डावीकडचं दिसत नाही, आणि दिसत नाही हेही त्यांना माहीत नाही. लाल रणगाड्यांचाही उलगडा झाला. हे मी कुणाला तरी सांगायला हवं होतं. पण सगळ्या जगाच्या चुका काढणाऱ्या माणसाला तुम्हाला दिसत नाही म्हणून मी सांगायचं, तेही भिंतीकडं बघून, हे मला जमेना. जाऊबाईंना सांगावं तर त्या घाबरून गाव गोळा करतील. मालकांना सांगावं तर ते म्हणतील, तुला काय कळतंय. मग मी मला येत होतं ते केलं. रोज दोन वेळा, दुसरी भाकरी वाढताना, ताट फिरवत राहिले. जाऊबाईंचा रुसवा गेला. घर पहिल्यासारखं झालं.

सतराव्या दिवशी सकाळी दादा चप्पल घालायला ओट्यावर बसले ते उठलेच नाहीत. डावा हात, डावा पाय लुळा. बारामतीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो बघून सांगितलं, की दोन-तीन आठवड्यांपूर्वी एक लहान झटका येऊन गेलेला आहे, तेव्हाच आणलं असतं तर हा मोठा कदाचित टळला असता. मग त्यांनी विचारलं, काहीच जाणवलं नाही का, जेवताना ताटात एका बाजूचं राहत होतं का. आमचे मालक म्हणाले, "न्हाय साहेब, ताट पुसून घेत्यात ते." जाऊबाईंनीही मान हलवली. मी भिंतीपाशी पदर धरून उभी होते. माझ्याकडं कुणी बघितलं नाही.

घरी आणल्यावर दहा-बारा दिवसांनी त्यांची जीभ थोडी वळायला लागली. मुक्यानं तोवर त्यांचा सगळा देश घेतला होता. मी पेज भरवत होते, जाऊबाई बाहेर होत्या. दादा तुटक तुटक म्हणाले, "मुक्यानं वळखलं. मला ह्या बाजूचं दिसत न्हाय, हे त्यानं वळखलं." मी वाटी खाली ठेवली. भिंतीकडं न बघता मी म्हणाले, "दादा, मीबी वळखलं हुतं. तुमचं ताट मी फिरवत हुते."

दादांनी ओठावरची पेज पुसली. मग विचारलं, "किती दिस?"

"सोळा."

"सोळा दिस," ते म्हणाले. "आन् मला एकदाबी कळलं न्हाय." मग तोंड उजवीकडं वळवून घेतलं. तो राग होता की आणखी काही, हे मला अजून सांगता येत नाही. त्यांनी ते घरात कुणाला सांगितलं नाही, आणि मीही आज पहिल्यांदाच लिहितेय.

अशा माणसाचं ताट कुणी फिरवून द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांनाच सांगितलंय. दादांनी स्वतः मान वळवून शोधलं पाहिजे, आणि सांगणाऱ्यानं डावीकडं बसून सांगितलं पाहिजे. म्हणून मी तिथं बसते. "दादा, डावीकडं," असं मोठ्यानं म्हणते, जाऊबाई ऐकत असल्या तरी. ते मान वळवतात, मध्येच थांबतात, त्यांना वाटतं पोचलो. मी म्हणते, अजून. कधी चटणी सापडते, कधी बोट ताटाबाहेर जमिनीवर फिरत राहतं. डॉक्टर म्हणतात, यापेक्षा फार सुधारणार नाही. मोबाईल फळीवर पडून आहे, त्याला कुणी हात लावत नाही.

काल जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, कुठं बसलीयास?" मी त्यांच्या डाव्या हाताला टेकूनच बसले होते.

"हितंच हाय," मी म्हणाले.